खाचेतलं क्रीम

नाथाजी शेवाळ्यांना माणसांचा वीट आला तो एसटीत. दहिवडी, विटा, सांगली अशा गाड्यांवर त्यांची सारी कंडक्टरकी गेली, आणि तेवढ्या वर्षांत हाताला जे जे लागलं त्याची शिसारी पुढे कधी गेलीच नाही. पानाच्या लाळेने भिजलेली नोट. कमरेच्या घामात उबलेली चिल्लर. सीटच्या पाठीला पुसलेला शेंबूड, मागच्या खिडकीतून वाऱ्याने परत आत आलेली पिचकारी. ड्यूटी संपली की नाथाजी डेपोच्या नळावर कोपरापर्यंत हात घासायचे. बाकीचे कंडक्टर हसायचे. ‘मास्तर, आता कातडंच सोलून वाळत घाला की.’

पोलाद तेवढं त्यांना स्वच्छ वाटायचं. कुणाच्या तरी माळ्यावर पडलेलं, काळं झालेलं जुनं पातं तेल लावून पुसलं की त्यातून एक थंड, निर्मळ उजेड बाहेर येतो. त्या उजेडाला कुणाचा वास नसतो. असं त्यांना वाटायचं.

मुक्कामाच्या गाडीने त्यांना हा नाद लावला. गाडी रात्री गावात थांबायची, ड्रायव्हर टपावर पसरायचा, आणि नाथाजी गावात हिंडायचे. खंडेनवमीला तर ते मुक्कामाची ड्यूटी मागून घेत. त्या दिवशी घराघरांतली हत्यारं बाहेर निघतात, धुऊन पाटावर मांडतात, झेंडू वाहतात. सैन्यात गेलेल्यांची गावं ही. पाटावर नांगराच्या फाळाशेजारी एखादी संगीन असायची, आजोबाने लढाईवरून आणलेला सुरा असायचा, लोहाराने घरी घडवलेली कट्यार असायची. नाथाजी प्रसाद खाताखाता सगळं बघून ठेवत. पुढच्या खेपेला सांगलीच्या बाजारातून नवा कोरा कोयता घेऊन येत. बोहारीण भांडं देऊन लुगडं नेते, तसं नवं देऊन जुनं न्यायचं.

माण तालुक्यातल्या हरणाबाईकडची सुरी त्यांनी अशीच आणली. तिचा सासरा आकाराम इटलीच्या लढाईत होता. तिथून आणलेली संगीन त्याने गावच्या लोहाराकडून आखूड करून घेतली, आणि मूठ घातली स्वतःच्या मेंढ्याच्या शिंगाची. वितीहून जरा लांब पातं, मधोमध सरळ उतरत गेलेली खाच, आणि मुठीपाशी ठोकलेला बारीक मुकुटाचा शिक्का. नाथाजींनी ती हातात घेतली तेव्हा त्यांच्या मनगटातून झिणझिण्या गेल्या. तोंडाने ते म्हणाले, ‘ह्यात काय ऱ्हायलंय आता बाई? गंजकं लोखंड. भाजी तरी चिरंल का ह्यानं?’

‘मामंजींचा लय जीव हुता त्येच्यावर,’ हरणाबाई म्हणाली.

‘मामंजी गेलं. कोयता घ्या. चारा तोडाया तरी हुईल.’

घरातली पुरुषमाणसं मुंबईला. तिने कोयत्याची धार अंगठ्याने बघितली, आणि सुरी देऊन टाकली. वर पेलाभर दूध दिलं. दुधावर जाड साय होती आणि पेला देताना तिचा तोच अंगठा सायीत बुडाला होता. नाही म्हणता येईना म्हणून नाथाजी डोळे मिटून दूध प्यायले. त्या अंगठ्याची किळस त्यांना दहिवडीपर्यंत पुरली. बोललेल्या वाक्याची काही आली नाही.

रिटायर होऊन ते कृष्णाकाठच्या आपल्या गावी आले आणि पुढच्या खोलीची भिंत पात्यांनी भरून गेली. बायको चंद्राबाई त्या खोलीत झाडू घेऊनसुद्धा जात नसे. ‘आवं, देव्हाऱ्यात देव दोन आन भितीवर सुऱ्या शंभर,’ ती म्हणायची. ‘म्हसोबानं घर भाड्यानं घेतल्यागत वाटतंय.’

मग मोबाइल आला, आणि मोबाइलवर जुन्या शस्त्रांच्या शौकिनांचा ग्रुप. नाथाजींना वाटलं, ही आपली माणसं. पण ती माणसं एकच विचारायची. ह्याच्यावर रक्ताचा डाग आहे का? कितीजण मारले असतील? एकाने सुरीचा फोटो बघून जीभ बाहेर काढलेलं तोंड पाठवलं, भुकेलं. नाथाजींनी मोबाइल पालथा ठेवला. शेवाळ्यांच्या भिंतीवरची पाती न बघता ही मंडळी त्यांच्यामागची मढी मोजत होती.

त्यांतला सांगलीचा उदयसिंह मात्र कामाचा निघाला. तो प्रदर्शन भरवणार होता, रीतसर परवानगी घेऊन, येत्या रविवारी. त्याला ती इटलीची सुरी हवी होती. काचेच्या पेटीत, मखमलीवर, आणि खाली पाटी: ‘श्री. नाथाजी शेवाळे यांच्या संग्रहातून’. उभ्या आयुष्यात नाथाजींचं नाव छापलं गेलं होतं ते एकदाच, ज्यादा रजा घेणाऱ्या कंडक्टरांच्या यादीत, डेपोच्या फळ्यावर. त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला. चंद्राबाईला म्हणाले, ‘तू पन चल.’ ती म्हणाली, ‘सुरीच्या लग्नाला?’ पण तिनेही पेटीतलं पातळ उन्हात टाकलं.

बुधवारी भाऊंचा वाढदिवस होता. भाऊ म्हणजे तालुक्याचे उगवते नेते. चौकात त्यांचा फ्लेक्स एवढा मोठा होता की मागचा दवाखाना दिसायचा बंद झाला होता. नाथाजींचा पुतण्या ऋषिराज भाऊंच्या पोरांत उठबस करायचा. त्या संध्याकाळी नाथाजी सदरा आणायला गेले असताना तो घरी आला, चुलतीकडून पाणी प्यायला, आणि भिंतीवरून सुरी काढून पँटीत खोचून घेऊन गेला.

नाथाजींना ते कळलं मोबाइलवर. व्हिडिओ त्यांच्याच ग्रुपवर आला होता. जीपच्या बॉनेटवर पाच केक, प्रत्येकावर भाऊंचं तोंड. पोरांच्या हातांत पत्र्याच्या तलवारी. फेसाचे फवारे. भाऊंनी सुरी घेतली आणि आपल्याच साखरेच्या गालात खुपसली. मग पात्यावर केकचं ढेकूळ घेऊन एकेकाला भरवायला लागले; पोरं माना पुढे काढून, डोळे मिटून, पातं चाटत होती. एकाची लाळ पात्यावरून ओघळून मुठीपर्यंत गेली. ऋषिराजने शेवटी चाटलं आणि कॅमेऱ्याकडे बघून अंगठा वर केला. नाथाजी मोरीत जाऊन ओकले.

व्हिडिओ फार फिरला. वरून फोन आला, आणि तालुक्याच्या ठाण्याने तातडीने कारवाई केली. भाऊंना सोडलं आणि हत्यारांना धरलं. सोबत ऋषिराजलाही, कारण बाकीच्यांच्या घरचे फोन त्याच्या आधी आले.

शुक्रवारी सकाळी नाथाजी नवाच सदरा घालून ठाण्यात गेले. जिन्याखालच्या कोपऱ्यात पत्र्याच्या तलवारींचा ढीग होता आणि त्यात ती पडली होती. खाचेत मुठीपासून टोकापर्यंत क्रीम भरलं होतं, गुलाबी. दोन दिवसांत ते पिवळं पडून चिरलं होतं. मुंग्यांची रांग त्या खाचेतून चालली होती, आणि शिंगाच्या मुठीवर बोटांचे चिकट ठसे. आंबलेल्या दुधाचा वास येत होता.

‘तुमची का ही?’ हवालदाराने विचारलं. जाडजूड, घरगुती चेहऱ्याचा माणूस होता. ‘बसा नाना. हे बघा, सरळ बोलतो. शस्त्र म्हणून लिवलं तर मला तुमच्या घरी यावं लागंल. भितीवर काय काय हाय ते तुमच्या ह्या बहाद्दरानं सांगितलंय. सगळं उचलावं लागंल. आन घरातली भाजीची सुरी म्हणून सांगितलं, तर इषय मिटला. पोरगं बी जाईल घरी.’

बाकावर ऋषिराज बसला होता. ‘नाना, सांगा की,’ तो म्हणाला. त्याच्या कानामागे अजून वाळलेला फेस होता.

नाथाजींच्या डोळ्यांपुढे ती पाटी आली, मखमल आली. मग सगळी भिंत आली, रिकामी, नुसते खिळे. इटली, लोहार, मेंढ्याचं शिंग, मुकुटाचा शिक्का; हे सगळं बारकाईने सांगायची त्यांनी रविवारसाठी तयारी केली होती. ते म्हणाले,

‘शस्त्र कुठलं साहेब. गंजकं लोखंड. भाजी चिरायची सुरी हाय घरातली.’

अगदी सहज निघालं. मागच्या सीटपर्यंत ऐकू जावं अशा सरावाच्या आवाजात. तोंडात सायीची चव आली आणि ती गिळता येईना.

‘झालं तर मग,’ हवालदार म्हणाला. त्याने पेन उघडलं, दोन ओळी लिहिल्या, थांबला. ‘भाजीचीच हाय म्हणता, तर ऱ्हाऊ द्या की हितं. आमच्या मेसला सुरी न्हाई. आज साहेबांचा निरोपसमारंभ हाय, मटण हाय, किलोच्या किलो कांदा पडलाय.’

नाथाजी उठून उभे राहिले. ‘मी आनून देतो बाजारातनं. नवी. दोन आनतो.’

हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. ‘गंजक्या लोखंडाला दोन नव्या सुऱ्या? नाना, मग हे गंजकं न्हाई. काय हाय ते सांगा, मी नवा कागद घेतो.’

हरणाबाईला एवढं विचारायचं सुचलं नव्हतं. नाथाजी खाली बसले.

‘न्हाई, न्हाई,’ ते म्हणाले. ‘ऱ्हाऊ द्या. न्या.’

मेसच्या पोऱ्याने सुरी पाण्याच्या बादलीत बुचकळली, गोणपाटाने पुसली आणि कांद्यावर टेकवली. कांदा दबला, चिरला नाही. ‘बोथाट हाय, साहेब.’

‘नाना, तुमच्या घरची हाय,’ हवालदार हसत म्हणाला. ‘तुमीच लावा की धार. तवर माझं लिहून हुतंय. हितं पायरी लय झाक हाय, आमी सगळं हितंच घासतो.’

मागच्या दारी काळ्या दगडाची पायरी होती, मधे खोलगट झालेली. नाथाजी उकिडवे बसले. सदऱ्याच्या बाह्या मागे सारल्या. त्यांनी टोकाकडून घासायला सुरुवात केली, हलक्या हाताने, दगडाला जेमतेम लावत. पाण्यात करडा राडा उतरू लागला आणि त्यात खाचेतलं उरलंसुरलं क्रीम मिसळून बोटांच्या बेचक्यांतून वाहू लागलं.

हवालदार कागद हातात घेऊन दारात आला. उभा राहून बघत होता.

‘बुडापासनं घ्या, नाना. मुठीकडं बघा की, तिथं कायच धार न्हाई. आडवी धरून दाबून घासा.’

नाथाजींनी पातं आडवं धरलं. मुकुटाचा शिक्का दगडाखाली गेला. ते घासत राहिले. आत ऋषिराज फोनवर कुणाला तरी सांगत होता, सुटलो रं, नाना आलेत, मिटलं. सुरी उचलून त्यांनी पाण्याने धुतली, तेव्हा मुकुटाच्या जागी एक चकचकीत ओरखडलेला चट्टा होता.

हवालदाराने सुरी घेतली, एक कांदा उभा चिरला, पाकळ्या बाजूला पडल्या. ‘आता कशी!’ तो खूश होऊन म्हणाला, आणि सुरी परत त्यांच्या हातात दिली. ‘एका अंगानं झाली. दुसऱ्या अंगानं बी घ्या.’

नाथाजींनी सुरी उलटी केली.