सेइलकान उठेचना

सेइलकान अंथरुणाला खिळली तेव्हा सुरुवातीला कोचकोर गावाला बरंच वाटलं. सरकारी गोठ्यावर तिनं उभी हयात मुकादमकी केली, आणि गोठा बंद पडल्यावर तीच गावावर चालवली. कुणाच्या सुनेचा पाव कच्चा राहिला, कुणाची मेंढरं उशिरा सुटली, निवाडा हीच करायची. नवरा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मात्र ती एका सकाळी भिंतीकडे तोंड करून निजली, ती उठेचना.

मग उपाय सुरू झाले. सून नुरजाननं धुरी दिली. खोकला तेवढा वाढला. मुल्लानं दुआ म्हटली, मटण खाल्लं आणि सबुरीचा उपदेश करून ढेकर दिला. मॉस्कोतला थोरला मुलगा फोनवर म्हणाला, "आई, चांगले विचार कर," आणि स्वतःच्या कामाला लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं प्रेशर मोजलं; ते तरण्या पोरीसारखं निघालं. "वय झालं," त्यानं निदान केलं.

"दुखत काहीच नाही," सेइलकान भिंतीला म्हणाली. "उठावंसं वाटत नाही, एवढंच."

हे कुणाच्या कानात शिरलं नाही.

शेवटी शेजारची म्हातारी बुरुलचा आली. कुरणाच्या हद्दीवरून या दोघींचं जुनं वैर होतं. ती उशाशी बसली आणि चहा मागितला.

"मरतेयस म्हणे."

"तुला काय करायचंय?"

"बघायला आले. माझी लेक गेली तेव्हा मी पण अशीच पडले होते. तू पाणवठ्यावर काय म्हणालीस ते आठवतं? बुरुलचाला कामाचा कंटाळा आलाय, म्हणालीस."

सेइलकाननं भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग म्हणाली, "म्हणाले असेन. माझं तोंडच तसलं."

"तसलंच आहे. ऊठ, उद्या नारीन शहरात जाऊ. तिथं मनाची डॉक्टरीण आहे. मी अजून तिच्या गोळ्या घेते."

"वेडी म्हणतील."

"मी गोळ्या प्रेशरच्या म्हणून सांगते, मला प्रेशरवाली म्हणतात. निम्म्या गावाला हेच प्रेशर आहे, बाई. नारीनच्या बसमध्ये सगळ्या म्हाताऱ्या खिडकीबाहेर बघत बसतात, कुणी कुणाला ओळखत नाही."

दुसऱ्या दिवशी सेइलकान गेली. बसमध्ये पुढच्या बाकावर मुल्लाची बायको होती; तीही खिडकीबाहेर बघत होती. डॉक्टरणीनं गोळ्या दिल्या आणि रोज कुणाशी तरी बोलत जा म्हणून सांगितलं. गुण यायला वसंत उजाडला, आणि आला तोही अर्धामुर्धाच. आता बऱ्या दिवशी सेइलकान गावाचे निवाडे करते, आणि गाव कुरकुरतं. वाईट दिवशी ती पडून राहते. तेव्हा बुरुलचा येते, तिच्याच चुलीवर चहा करते आणि कुरणाचा विषय काढते. सेइलकान कधी भांडते, कधी नुसती ऐकते. हद्द अजून ठरलेली नाही.