कूस बदलताना

भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी तिसरीत होते. वडील, आई आणि मी, तिघंही वाचलो. पण आईच्या पाठीवर माळवदाच्या छताची तुळई पडली होती, आणि त्या दिवसापासून कमरेखालच्या शरीराची तिला जाणीव राहिली नाही. लातूरच्या दवाखान्यात ती बरेच महिने होती. सुटी द्यायच्या दिवशी तिथल्या सिस्टरनं वडिलांना आणि मला पलंगाच्या दोन बाजूंना उभं केलं, घडी घातलेली चादर आईच्या अंगाखाली सरकवली आणि म्हणाल्या, "ओढायचं नाही. उचलून वळवायचं. दोन-दोन तासांनी कूस बदलली नाही, तर पाठीला जखमा होतील. त्या लवकर भरत नाहीत." वडील नुसते मान डोलावत राहिले. शिकले ते मी.

आधी पत्र्याचं शेड आणि मग सरकारनं बांधलेलं दोन खोल्यांचं घर, दोन्हीकडे आईची बाज दारासमोर असायची. सगळा संसार ती तिथून हाकायची. "आगं, वरण खाली लागलं का काय? वास यायलाय मला. तू काय करायलीस तिथं?" मी धावत चुलीकडे जायची. कूस बदलताना ती मुद्दाम गल्लीतल्या गमती सांगायची, म्हणजे मला जड जाणार नाही. मी हसायला लागले की म्हणायची, "हासू नको, हात सुटतील." रविवारी तिचं डोकं बाजेच्या कडेला घेऊन, खाली घमेलं ठेवून मी तिचे केस धुवायची. तेवढा वेळ मात्र ती काही बोलायची नाही. डोळे मिटून पडून राहायची. आज इतक्या वर्षांनी आईची आठवण काढायची म्हटलं, की तिचं बोलणं आधी येत नाही, ते गप्प राहणं येतं.

शेजारच्या बाया म्हणायच्या, "पोरीचा हात लई हलका हाय. नर्सच व्हणार बघा ही."

आईला ते अजिबात खपायचं नाही. "नर्स कशाला? डॉक्टर व्हईल माझी पोर. खुर्चीवर बसंल. माझ्यासारख्या पडलेल्यांचं हागणंमुतणं काढण्यात जलम घालायचा न्हाई तिनं."

ती असं बोलली की मला बरं वाटायचं आणि कुठंतरी लागायचंही. कारण मला ते काम कधी घाणेरडं वाटलंच नव्हतं. पण तसं तिला सांगायचं धाडस झालं नाही.

दहावीला बरे गुण पडले आणि आईनं मला लातूरला पाठवायचं ठरवलं. त्या वर्षांत मराठवाड्यातल्या गावागावांतून पोरं लातूरला लोटत होती. घराघरांवर 'मुलींसाठी रूम' अशा पाट्या लागल्या होत्या, पहाटेपासून सायकलींचे घोळके एका क्लासवरून दुसऱ्या क्लासकडे पळायचे. माझ्या जागी आईचं करायला चाकूरहून आत्या आली. माझी ही आत्या एकटी होती, तोंडाची फटकळ आणि कामाला वाघीण. निघताना मी तिला चादरीची घडी कशी घालायची ते दाखवायला लागले, तर म्हणाली, "जा आता. मला नको शिकवू. बस चुकंल तुझी."

लातूरच्या खोलीत आम्ही तिघी होतो. त्या दोघी गाढ झोपलेल्या असायच्या आणि मी सवयीनं उठून बसलेली. आता आईची कूस बदलायची वेळ झाली, असं हात मला सांगायचे. फिजिक्सचं गणित अर्ध्यावर असायचं आणि मन आत्यानं चादर ओढली तर नसेल ना, याच्यात. सुटीत घरी गेले की आधी आईची पाठ बघायची. आई वैतागायची. "पाठ काय बघतीस? टेस्टमधी किती पडले ते सांग."

बारावीच्या हिवाळ्यात एकदा दुपारचा क्लास चालू असताना दारात वडील दिसले. टोपी हातात होती. सर शिकवायचे थांबले. मी वह्या न उचलताच बाहेर आले. वडील म्हणाले, "चल बाई." एवढंच.

आईला ताप चढला होता. लघवीतला जंतुसंसर्ग मूत्रपिंडात गेला होता, आणि तिला लातूरलाच आणलं होतं. माझ्या क्लासपासून चार गल्ल्या पलीकडे, आदल्या दिवशीच. वडील मला बोलवायला निघाले तर तिनंच अडवलं होतं. "आज तिची टेस्ट हाय. उद्या सांगा." उद्या सांगायला वडील आले, तेव्हा सांगायचं वेगळंच होऊन बसलं होतं.

त्या चार गल्ल्या माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. मी डबा खात होते, तेव्हा ती तिथं होती. मी मैत्रिणीशी हसत होते, तेव्हाही होती. एक हाक मारली असती तर पोचले असते.

डॉक्टरकीला लागतात तेवढे गुण मला पडले नाहीत. मग जो तो एकच सांगायला लागला, "नर्सिंगला टाक तिला. आईचं इतकं केलंय, तिला काय अवघड?" मला या बोलण्याचा राग यायचा. तरी मी नांदेडच्या नर्सिंगला अर्ज केला. कारण कुणाला सांगितलं नाही. आई गेल्यापासून माझे हात रिकामे झाले होते. कुणाला तरी उशी सारखी करून द्यावी, कुणाच्या तरी कपाळाला हात लावून बघावा, असं सारखं वाटायचं.

मुलाखतीला समोर ज्या वयस्कर मॅडम होत्या, त्यांनी विचारलं, "नर्सच का व्हायचंय?"

मी म्हणाले, "आईचं सगळं मी केलंय."

त्यांनी चष्मा काढला. "ते मुलगी म्हणून केलंस. इथं आई मिळणार नाही तुला. चालेल?"

मी "हो" म्हणाले. खरं तर मी ऐकलंच नव्हतं.

वॉर्डात पहिल्यांदा उभी राहिले आणि प्रत्येक खाटेवर मला आईच दिसायला लागली. त्यातल्या एका बाईला पक्षाघात झाला होता. हदगावकडची, कापसाच्या शेतात काम करता करता पडलेली, गोऱ्या चेहऱ्याची. मी जवळ गेले की तिचे डोळे उजळायचे. नीट बोलता यायचं नाही, पण "माय" एवढं म्हणायची. आमच्याकडे लेकीबाळींना माय म्हणायची रीतच आहे, पण मला ते ऐकून भरून यायचं. मी तिचे केस विंचरायची, तिच्याजवळ बसायची, दुसरीकडे काम सांगितलं तरी फिरून तिथंच यायची. एकदा वॉर्डच्या सिस्टरनं मला बाजूला घेतलं. "त्या कोपऱ्यातल्या म्हातारीनं पाणी मागून मागून घसा कोरडा केला. हा वॉर्ड एका बाईचा नाही. कळलं?"

आठवड्याभरात हदगावच्या बाईला तिच्या मुलानं घरी नेलं. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिला वळता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी बाथरूमच्या दाराआड उभी राहून रडले. आई दुसऱ्यांदा गेली होती. असं दर आठवड्याला होणार असेल, तर हे काम मला जमणार नाही, असं मी ठरवून टाकलं आणि दिवाळीच्या सुटीत बॅग भरूनच घरी गेले.

वडील म्हणाले, "नको वाटत असंल तर नको जाऊ. बीएस्सी कर, नाहीतर घरी बस वर्षभर." त्यांनी आयुष्यात मला कशाची सक्ती केली नाही.

आत्या ओट्यावर सोयाबीन निवडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते विचारलं. "आत्या, आईचं करायला तुला आवडायचं का गं?"

"आवडायचं?" ती सुपातले खडे वेचत म्हणाली. "कशाचं आवडतंय बाई! मळमळायचं मला. पहिले दिवस तर जेवण जायचं न्हाई."

"मग केलंस कसं?"

"वैनी होती म्हणून केलं. मायेचं माणूस होतं. दुसऱ्या कुणाचं केलं नसतं मी." मग तिनं सूप खाली ठेवलं. "तू करशील का दुसऱ्या कुणाचं? तेवढं बघ आधी. लोकायचं काय, लोक म्हणतेत काहीबी."

मॅडमनी मुलाखतीत विचारलेलं मला तेव्हा कुठं ऐकू आलं. उत्तर मात्र घरी बसून सापडणारं नव्हतं. सुटी संपल्यावर मी परत नांदेडला गेले. आणलेली बॅग खाटेखाली तशीच, अर्धी भरलेली ठेवली.

त्या महिन्यात वॉर्डात देगलूरकडची एक म्हातारी आली. खुब्याचं हाड मोडलेलं. बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, आणि दोन्हींत शिव्या. जेवण कडू, गादी टोचते, पंखा जास्त, पंखा कमी. तिचा मुलगाही बाहेरच्या बाकावरच बसून राहायचा, आत यायला घाबरायचा. मला तर ती "ए ढब्बे" म्हणायची. आईशी तिचं कणभरही साम्य नव्हतं. मला ती मुळीच आवडत नव्हती.

एका सकाळी तिला पुसायचं काम माझ्याकडे आलं. मोडलेला पाय सांभाळून मी नि माझ्या सोबतिणीनं तिला वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. बोटानं दाबून पाहिला, तर पांढरा न होता लालच राहिला. म्हणजे जखमेची सुरुवात. मी सिस्टरना बोलावून दाखवला, डागावर भार येणार नाही अशा उश्या लावल्या, ओली झालेली चादर बदलली, सुरकुती राहू दिली नाही. म्हातारी सगळा वेळ बोलतच होती. "हात गार हाय तुझा. मारायलीस का मला?" मी म्हणाले, "अम्मा, थोडा दम धरा. आता दुखणार नाही." मी हात चोळून गरम केले आणि पुन्हा कामाला लागले. त्यानंतर रोज तिची पाठ बघायची, हे मी स्वतःकडेच घेतलं. डाग हळूहळू फिका झाला. आभार वगैरे तिनं काही मानले नाहीत. एकदा नुसतं म्हणाली, "तू ये. ती दुसरी नको, ती धसमुसळी हाय."

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या सकाळचं. काम आटोपून मी नळाखाली हात धूत होते. दुपार व्हायला आली होती. आणि एकदम लक्षात आलं, की सकाळपासून मला आईची आठवण एकदाही आली नव्हती. म्हातारीची पाठ, तो डाग, त्या उश्या, एवढंच डोक्यात होतं. मी केलं ते त्या म्हातारीचंच केलं होतं, आणि ते करताना मला चांगलं वाटलं होतं. आत्यानं विचारलेल्याचं उत्तर मला मिळालं. मला आनंद व्हायला हवा होता. पण नळ चालूच राहिला आणि मला आई इतकी हवीशी झाली, जितकी ती गेल्यापासून कधी झाली नव्हती. तोवर प्रत्येक खाटेवर ती होती. आता खाटांवर ज्यांची त्यांची माणसं होती.

संध्याकाळी होस्टेलवर जाऊन मी बॅग उपसून कपडे कपाटात लावले.

नर्सिंग पुरं झालं, नांदेडलाच नोकरी लागली. पहिल्या वर्षी वडील एकदा न सांगता आले. मी एका बाईला वळवत होते, म्हणून वॉर्डच्या दारात ते उभे आहेत हे मला दिसलं नाही. काम झाल्यावर बाहेर आले तर ते जिन्यात बसलेले.

"हाक का नाही मारली, दादा?" मी विचारलं. वडिलांना मी दादा म्हणायची.

"बघत होतो," ते म्हणाले.

ड्यूटी संपल्यावर त्यांना सोडायला मी बसस्टँडवर गेले. लातूरची गाडी लागायला वेळ होता. चहा घेतला. शेताच्या, पावसाच्या गोष्टी झाल्या. मग ते एकदम म्हणाले, "तुझी आई असती तर भांडली असती तुझ्याशी."

"हाव," मी म्हणाले.

"लई भांडली असती. ऐकलं नसतं तिनं."

"नसतंच ऐकलं."

ते हसले, मीही हसले. गाडी लागली. खिडकीशी जागा मिळाली का ते बघून मी खाली उतरले. गाडी स्टँडच्या बाहेर पडून दिसेनाशी झाली, तरी मी तिथंच उभी होते. आईनं मला रागवावं, चांगलं तासभर रागवावं, आणि मी तिची समजूत घालत बसावं, असं मला वाटत होतं.