यल्लव्वाचा कंबरपट्टा

पद्माकर सबनीसांच्या वेळचं बंगळूर सायकलीवर मावणारं होतं. मल्लेश्वरमच्या उतारावरून पायडल न मारता ते थेट आपल्या संशोधन संस्थेच्या फाटकाशी पोचायचे.

फाटकाआत गोठा होता आणि गोठ्यात चंद्री शेळी. तिच्या पोटात कातडीखाली सबनीसांनी स्वतः जुळवलेलं, मेणात बुडवून बंद केलेलं इवलंसं यंत्र होतं. तार नाही, काही नाही. शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर चंद्रीच्या काळजाचा ठोका टक टक ऐकू यायचा. आधीची सगळी यंत्रं अंगातलं पाणी शिरून बंद पडली होती. हे मात्र टिकलं होतं.

सहासष्ट सालची संक्रांत. सबनीसांनी रेडिओ लावला, तर नुसती खरखर.

"पाणी शिरलं, पद्माकरराव," जनावरांचे डॉक्टर विद्याधर म्हणाले. "आजच उघडून बघायला हवं. पण दुसऱ्यांदा भूल सोसेलच, असं सांगवत नाही."

सबनीस गोठ्यात आले. चंद्री त्यांच्या खिशातले शेंगदाणे हुंगत होती. सणाची म्हणून तिच्या शिंगांना हळद होती, पाठीवर लाल झूल होती. रेडिओ तसाच खरखरत ठेवून ते मानेनेच 'हो' म्हणाले.

गोठा सांभाळणारी यल्लव्वा डोळे पुसत पुढे आली. "स्वल्प थांबा की अण्णा. माझा डाग तेवढा काढून घेते."

"कसला डाग?"

तिनं झूल उचलली. चंद्रीच्या पोटाभोवती यल्लव्वाचा लग्नातला चांदीचा कंबरपट्टा आवळलेला होता. "सणाला पोरगीला बोडकी ठेवू व्हय? इकडं संक्रांतीला बैलं नटत्यात, हिनं काय पाप केलं?"

तिनं फासा सोडला आणि शेजारच्या खोलीतून आवाज आला. टक. टक. टक.

"अहो, चांदीचं कडं!" सबनीस ओरडले. "लहरी अडवल्या त्यानं!" आणि मग गोठ्यातच मटकन बसून हसत सुटले.

"सरी, बरं तर," यल्लव्वा नाक पुसत म्हणाली. "म्हंजे कापत न्हाई न्हवं?"

"नाही गं बाई."

पुढं सबनीसांनी बरीच यंत्रं केली. प्रत्येक नवं यंत्र शेळीच्या अंगात घालण्याआधी ते गोठ्यात येऊन हात पुढे करत, "आणा तुमचा दागिना." यंत्राभोवती पट्टा आवळूनही त्याचा आवाज रेडिओवर ऐकू आला तरच ते पुढे जायचं. यल्लव्वा तो काढून देताना दर वेळी बजावायची, "परत द्या हं अण्णा. चंद्रीला पुढच्या सणाला लागतोय."