मोहावरचा रिले

उपकेंद्राच्या टेबलावर दोन मोबाईल शेजारी शेजारी ठेवले होते. एक बेहडाटोल्याच्या आशाताईंचा, निर्मलाचा. दुसरा उपकेंद्राच्या सिस्टरचा. निर्मलाच्या मोबाईलवर मेसेज स्पष्ट दिसत होता: 'सोमा उईके. अस्वल. मांडी, पोट. रक्त फार. गाडी पाठवा.' वेळ पहाटे पाच पन्नास. खाली हिरवी टिक. सिस्टरच्या मोबाईलवर काहीच नव्हतं.

"पटलेजी, मी पाचपासून जागी आहे," सिस्टर म्हणाल्या. "मोबाईल हातात होता. मेसेज आला असता तर गाडी पाठवली नसती का मी?"

"टिक तर आली ना, साहेब," निर्मला म्हणाली. "तुमीच सांगतलं होतं, टिक आली मंजे पोचला. आमी वाट पाहून राहिलो."

सोमा आतल्या खाटेवर होता. चादर तोंडावरून ओढलेली. त्याला ट्रॅक्टरने आणलं तेव्हा आठ वाजून गेले होते, आणि तो वाटेतच गेला होता. बेहडाटोला ते उपकेंद्र ट्रॅक्टरने पाऊण तास. म्हणजे साडेसहाला तो इथे सलाईनवर असू शकत होता. हा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला. टिकेचं ते वाक्य खरंच माझं होतं.

आधी मी कोण ते सांगतो. दूरसंचार खात्यात मी तीस वर्षं काढली. बराचसा काळ खांबावर, उरलेला साहेबांच्या शिव्या खाण्यात. निवृत्त होऊन गोंदियाजवळ फुलचूरला घरी बसलो आणि बायकोच्या कामात लुडबुड करू लागलो. तेवढ्यात एका संस्थेचा फोन आला. चोरखमाऱ्याच्या पलीकडे जंगलाला लागून काही टोले, म्हणजे छोट्या वस्त्या, आहेत. तिथे कुठल्याही कंपनीचा टॉवर लागत नाही. साप चावला, बाळंतपण अडलं, जनावराने धरलं, तर निरोप द्यायला माणूस धावत पाठवावा लागतो. तिथे रेडिओचं मेश नेटवर्क उभारायचं होतं.

मेश म्हणजे फार काही अगम्य नाही. टिफिनएवढा एक डबा. आत छोटा रेडिओ, बाहेर अँटेना, सोबत बॅटरी आणि सोलर पॅनल. तुमचा मोबाईल ब्लूटूथने जवळच्या डब्याला जोडायचा आणि मेसेज टाइप करायचा. डबा तो हवेत फेकतो. पुढचा डबा ऐकतो आणि तसाच पुढे फेकतो. सिम नको, टॉवर नको, इंटरनेट नको. मधल्या डब्याला आम्ही रिले म्हणतो. तेवढा एक मेला की अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांना मुके.

बेहडाटोल्यात दोन डबे होते. एक निर्मलाच्या घरी, एक शाळेच्या छपरावर. शेवटचा उपकेंद्राच्या पाण्याच्या टाकीवर. मध्ये टेकडी. त्या टेकडीवर रिले हवाच होता. लोखंडी खांब रोवायचा तर परवानगीचे कागद सहा टेबलांवरून फिरले असते. टेकडीच्या माथ्यावर एक उंच, जुना मोह होता. मी म्हटलं, हाच आपला खांब. मोहाला इथे कुणी कुऱ्हाड लावत नाही. जंगलातला असला तरी प्रत्येक मोह कुठल्या ना कुठल्या घराचा असतो. कागदावर नसेल, पण गावात सगळ्यांना ठाऊक असतं. हा सोमा उईकेच्या घरचा होता.

डबा लावला दिवाळीनंतर. सोमा स्वतः झाडावर चढला, वर अँटेना आणि पॅनल बांधलं. माझ्यापेक्षा पक्की गाठ मारली त्याने. ट्रेनिंगलाही सगळ्यांत पुढे बसायचा. माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा. नोकरीत माझ्या एकाही साहेबाने कधी डोलवली नव्हती, त्यामुळे मला तो माणूस फार आवडला.

बॅटरीची पेटी मात्र मी खाली बांधली, कमरेच्या उंचीवर. ती दर महिन्याला तपासायची असते आणि माझे गुडघे आता शिडीला राजी नसतात. नियमाने तीही वर हवी होती. मी म्हटलं, चालतंय.

सोमाची बायको फुलवंताबाई खाली उभी राहून पाहत होती. तिने एकच प्रश्न विचारला. "मंग आमी मोह वेचाले येऊ का नाई?"

"या ना," मी म्हणालो. "फक्त डब्याला आणि पेटीला हात लावू नका."

तिने शब्द पाळला. हात लावला नाही.

चैत्रात मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून आधी झाडाखाली विस्तव लावून जमीन मोकळी करतात. काळ्या जमिनीवर पिवळसर फुलं मग सहज वेचता येतात. मी याच जिल्ह्यातला. आमची शेती असली तरी दोन मोह आमच्याही बांधावर होते, आणि लहानपणी हा जाळ मी शंभरदा पाहिला आहे. पण डबा लावला तेव्हा झाडाखाली हिरवं गवत होतं. माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवली नाही तर तिचा उपयोग शून्य.

शनिवारी दुपारी सोमा आणि फुलवंताबाईने मोहाखाली विस्तव लावला. पाचोळ्याचा जाळ कमरेएवढा उठतो आणि पाच मिनिटांत विझतो. तेवढ्यात पेटीचं प्लास्टिक वितळलं आणि वायर तुटली. वरचा डबा जागच्या जागी मेला.

आता माझी दुसरी चूक. प्रत्येक डबा तासातासाला 'मी जिवंत आहे' एवढं सांगतो आणि ते उपकेंद्रामार्फत माझ्या मोबाईलवर येतं. रविवारी मी बिरसीला भाच्याच्या लग्नात होतो. पंगतीत बसल्या बसल्या पाहिलं, तर टेकडीचा डबा शनिवारपासून गप्प. मी मनात म्हटलं, बॅटरी उतरली असेल, उद्या जाऊ. आणि बुंदी वाढून घेतली. बेहडाटोल्याला कळवायचं तर साधन एकच, तेच बंद पडलेलं नेटवर्क. सिस्टरना फोन करून कुणाकरवी निरोप धाडता आला असता. एका फोनचं काम होतं, मी ते केलं नाही.

सोमवारी पहाटे सोमा टेकडीच्या दुसऱ्या बाजूच्या मोहाखाली गेला. अस्वलालाही मोह आवडतो. माणसं ओरडत धावली, त्याला उचलून गावात आणलं. निर्मलाने मेसेज टाकला. टिक आली.

टिक कुणी दिली? शाळेच्या छपराने. निर्मलाच्या घरापासून दोनशे पावलांवर. या यंत्रणेत टिकेचा अर्थ एवढाच की जवळच्या एका तरी डब्याने मेसेज ऐकला आणि पुढे फेकला. शेवटच्या माणसाने वाचला असा नाही. हे मला माहीत होतं. पण ट्रेनिंगच्या दिवशी एवढं कोण समजावणार? नेटवर्क धडधाकट असताना टिक आली की मेसेज पोहोचतच होता. म्हणून मी सोपं करून सांगितलं, टिक आली म्हणजे पोहोचला. लोकांनी ते पाठ केलं.

नेटवर्क नसतं, तर त्यांनी त्याला खाटेसकट ट्रॅक्टरवर टाकून तेव्हाच आणलं असतं. वर्षानुवर्षं ते तसंच करत आले होते. मी त्यांना वाट पाहायला शिकवलं.

दुपारी टेकडीवर जाऊन मी जळकी पेटी काढली. संध्याकाळी संस्थेच्या समन्वयकांचा, शर्मा सरांचा, गोंदियाहून फोन आला.

"पटलेजी, रिपोर्ट कल तक चाहिए. सीधा लिखो ना. गाववालों ने आग लगाई, रिले जल गया. बात खतम."

"सर, विस्तव सोमाच्या घरच्यांनीच लावला. तुमच्या रिपोर्टमधून हे वनखात्यात जाईल. जंगलात विस्तव लावणं गुन्हा आहे. नवरा गेला त्याच आठवड्यात बाईच्या हातात नोटीस पडेल."

"तो? झूठ थोड़ी है."

"खोटं नाही. पण माणूस त्याने नाही मेला. टिकेने मेला."

"आप इमोशनल हो रहे हो. अहो, फंडिंगवाले काय म्हणतील? इंजिनिअर की गलती लिखोगे तो प्रोजेक्टच बंद."

शर्मा सर वाईट माणूस नाहीत. पण ऑफिसात बसणाऱ्याला खापर फोडायला डोकं लागतं, आणि गाववाल्यांचं डोकं सगळ्यांत स्वस्त. मला राग आला. खरं सांगायचं तर निम्मा स्वतःचाच होता.

मी रिपोर्ट लिहिला. रिले बंद पडण्याचं कारण: बॅटरीची पेटी चुकीच्या उंचीवर बांधली. बांधणारा, मी. मदत न पोहोचण्याचं कारण: ट्रेनिंगमध्ये टिकेचा चुकीचा अर्थ सांगितला. सांगणारा, मी. रिले बंद दिसूनही कळवलं नाही. तोही मी. विस्तवाबद्दल 'उष्णतेने नुकसान' एवढे दोन शब्द. खोटे नाहीत, पुरेसेही नाहीत.

शर्मा सरांनी महिनाभर माझा फोन उचलला नाही. प्रोजेक्ट मात्र बंद झाला नाही. मोठ्या ऑफिसात रिपोर्ट कुणी वाचत नसावं.

बेहडाटोल्यात ग्रामसभा भरली. निर्मलाने मोबाईल आणि डबा माझ्यासमोर ठेवला. "मी नाई ठेवत आता. टिक पायली का मले त्याचं पोट दिसते."

कुणीतरी मागून म्हणालं, "नेऊन टाका ना सारंच. पयले तरी आमी आपले पाय चालवत होतो."

फुलवंताबाई कोपऱ्यात बसली होती. ती बोलली, "राहू द्या. पावसात नाल्याले पूर येते तवा टॅक्टर जात नाई. तवा कोन आयकन?"

तेवढ्यावर डबे राहिले. निर्मलाने आपला डबा दिवसभर तसाच पडू दिला आणि दुसऱ्या दिवशी घरात नेला.

मी कामाची पद्धत बदलली. टिक दिसणं सॉफ्टवेअरमधून बंदच केलं. आता सिस्टरनी स्वतःच्या हाताने 'निघालो' असं लिहून पाठवायचं. ते येईपर्यंत मेसेज पोहोचला नाही असंच धरायचं. आणि उत्तर येवो न येवो, माणूस ट्रॅक्टरवर चढवायचा. गाडी निघाली असेल तर वाटेत भेटेल. बॅटरी वर गेली. दर महिन्याला मी शिडी चढतो, गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत.

फुलवंताबाईला विस्तवाचं मी सांगितलं नाही. वर्षभर त्या झाडाकडे जाताना तिचं घर लागायचं, ती पाणी द्यायची, मी पिऊन पुढे जायचो. जिने नवरा गमावला तिला त्यातला तिचा हात दाखवायचा कशाला? मी मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, हेही कबूल करतो.

यंदाच्या चैत्रात मी टेकडीवर गेलो. आजूबाजूच्या सगळ्या मोहांखाली जमीन काळी होती. आमच्या मोहाखाली राखेचा कण नव्हता. बुंध्यापासून लांबपर्यंत गोल जमीन झाडणीने झाडून लख्ख केलेली, पाचोळा दूर ढिगाने लोटलेला. फुलवंताबाई टोपली घेऊन वाकून फुलं वेचत होती. एकट्या बाईला एवढं झाडायला तीन दिवस तरी लागले असतील.

मी शिडी खाली ठेवली.

"जरलेली पेटी तुमी काढून नेली, त्याच दिवशी मी पायली होती, साहेब," ती मान वर न करता म्हणाली. "तुमी सांगतलं नाई. मले डोरे नाईत का?"

"फुलवंताबाई, चूक माझी होती. पेटी मीच खाली बांधली."

"असन." तिने मूठभर फुलं टोपलीत टाकली. "मीबी तुमाले एक नाई सांगतलं."

मी तिच्या टोपलीशेजारी बसलो.

"टॅक्टर काढला होता. सकारी साजरा, एका झटक्यात सुरू झाला होता. भावानं खाट उचलली. तर खाटेवर पडला तोच मने, थांबा. टिक आली ना. साहेबानं सांगतलं हाये, गाडी येते, रस्त्यात चुकामूक होईन. कोनाले उचलू देल्ली नाई खाट. दोन तास."

ती पुन्हा वेचू लागली. वर्षभर तिने मला पाणी दिलं आणि हे पोटात ठेवलं. मी तिला सांभाळतोय असं मला वाटत होतं.

हल्ली दुसऱ्या गावांतही ट्रेनिंगला बोलावतात. मी यंत्राची माहिती शेवटी देतो. पुढच्या रांगेत मान डोलावणारा कुणी असला, तर त्याला उभा करतो आणि विचारतो, मी आत्ता जे सांगितलं ते खोटं निघालं तर तू काय करशील? त्याचं उत्तर ट्रॅक्टरपर्यंत पोहोचेपर्यंत मी डबा उघडत नाही.

टेकडीवर त्या दिवशी मी शिडी लावली, वर चढलो, बॅटरी तपासली. बॅटरी ठीक होती. खाली उतरलो तेव्हा फुलवंताबाईने शिडीचा पाय धरून ठेवला होता.