‘समतोल’ हे नाव कुणाचं

तिला सगळे उस्ताद म्हणत. ज्यांचा एक पाय आखूड असतो, त्यांच्यासाठी ती बूट शिवायची. गिऱ्हाईक दुकानात दहा पावलं चालून दाखवी, मग ही सोलची उंची ठरवी. तिचा छाप होता ‘समतोल’, रीतसर नोंदवलेला. चौकटीतलं प्रमाणपत्र शिलाईमशीनच्या वर टांगलेलं.

एक दिवस तिच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या शिक्षिकाबाई हात प्लास्टरमध्ये घालून आल्या. बुटाचा जोड टेबलावर आपटला.

“जिन्यात सोल निघाला. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

उस्तादनं बूट उलटा केला. स्पंजाचा सोल नुसता चिकटवलेला, टाका एकही नाही. वर छाप मात्र तिचाच.

“हा माझा नाही.”

“तुमच्याच वेबसाइटवरून मागवला.”

उस्तादची वेबसाइटच नव्हती. भाचीनं फोनवर शोधलं. ‘समतोल’ नावाचा इंटरनेटवरचा पत्ता कुणीतरी घेऊन बसला होता. वर फोटो उस्तादच्याच दुकानाचा. भाचीनं जाब विचारला, तर उत्तर आलं: नाव हवं असेल तर विकत घ्या.

“घेऊन टाक, कटकट मिटव,” भाऊ म्हणाला.

“माझंच नाव मी चोराकडून विकत घेऊ? तुझ्या घराला उद्या कुणी कुलूप लावलं तर किल्ली विकत घेशील?”

दुसऱ्याच दिवशी ती एका वकीलबाईंकडे गेली.

वकीलबाईंनी समजावलं, “हे पत्ते जो आधी मागेल त्याला मिळतात. छाप कुणाचा, हे कुणी तपासत नाही.”

“का नाही तपासत?”

“तसा नियमच नाही.” पण अशा पत्त्यांचे वाद सोडवणाऱ्या लवादाकडे तक्रार करता येत होती. नाव आपल्या छापाचंच आहे, घेणाऱ्याचा त्यावर हक्क नाही आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलंय, एवढं सिद्ध करायचं. “विकत घ्या म्हणून त्यानं स्वतःच लिहून दिलंय. आयतं कोलीत मिळालं आपल्याला.”

उस्तादनं प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं. शिक्षिकाबाईंनी डाव्या हातानं सही करून जबाब दिला. त्या माणसाचं म्हणणं आलं, ‘समतोल’ हा शब्दकोशातला शब्द, कुणाच्या बापाचा नाही. उस्ताद ते वाचून इतकी संतापली, की हातातली चामडं टोचायची आरी बोटात घुसली.

“शब्द कुणाचाही असेल. बूट माझे आहेत.”

निकाल तिच्या बाजूनं लागला. पत्ता तिच्या नावावर झाला.

“आणि त्याला शिक्षा?”

“इथं फक्त नाव परत मिळतं,” वकीलबाई म्हणाल्या. “बाकीसाठी कोर्टात जावं लागेल.”

शिक्षिकाबाईंचं मनगट वाकडंच जुळलं. त्यांच्यासाठी उस्तादनं नवा जोड स्वतः शिवला आणि घरी नेऊन दिला. त्याच आठवड्यात भाचीनं दाखवलं: ‘समतोल-बूट’ नावानं नवा पत्ता, फोटो तोच.

“आता काय करायचं, मावशी?”

“पुन्हा तक्रार. आणि या वेळी कोर्टातसुद्धा. वकीलबाईंना फोन लाव.”