भावोजींचा खाडा

एका शब्दावर अख्खं आयुष्य काढणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. शब्द कुठला, तर खाडा. न सांगता कामावर गेलं नाही की गिरणीत खाडा पडायचा. कोकणी कामगार आळशी, सारखे खाडे करतात, असं साहेबांनी जुन्या कागदांत लिहून ठेवलेलं. भावोजी आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक. त्यांनी जाडजूड पुस्तक लिहून दाखवून दिलं, की हा आळस नव्हे. शेत आणि देव गावाला ठेवून आलेली माणसं लावणीला नि शिमग्याला परत जाणारच. ते पुस्तक आता परदेशातही शिकवतात. आमचे बाबा गिरणीत होते. मी त्यांना ते वाचून दाखवलं, तर म्हणाले, "म्हणजे मी आळशी नव्हतंय." त्या एका वाक्यासाठी भावोजींचं मी काहीही सहन करत आलो.

आणि सहन करण्यासारखं पुष्कळ होतं. मुलुंड स्टेशनबाहेर वडापाव घ्यायचा तरी आधी वडेवाल्याला गाव विचारणार, मग पेरणीला कोण जातं ते. मागे रांग खोळंबलेली. "काका, वडा घेताय की जनगणना करताय?" एक मुलगी वैतागून म्हणाली, तर तिलाही गाव विचारलं. कामवाल्या मावशी आल्या नाहीत आणि ताई कुरकुरली, की हे पुस्तकातून मान वर करून म्हणायचे, "खाडा हा श्रमिकाचा हक्क आहे." "मग भांडी घासा हक्काने," ताई म्हणायची. घासायचेही बिचारे, पण हातात कढई, डोक्यात गिरणी आणि नळ आपला वाहतोय. स्वतः मात्र लिहिण्याचा एक दिवस चुकवतील तर शपथ. माझ्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा गृहस्थ मांडवात तळटीपा तपासत होते.

ताईचं मागणं एवढंच होतं. शिमग्याला आमच्या गावच्या अंगणात पालखी येते, तेव्हा एकदा दोघांनी जोडीने देवीची ओटी भरायची. "यंदा येऊ या ना हो?" "हे प्रकरण संपलं की नक्की." प्रकरणं संपली, पुस्तकं निघाली, आणि ताई दरवर्षी माझ्याबरोबर एकटीच यायची. काकी विचारायची, "जावई खंय?" ताई हसून सांगायची, "ते शिमग्यावर लिहितायत." हसू यायचं, पण मला रागही यायचा. गेल्या पावसाळ्यात ताई गेली. प्रकरण अर्धंच होतं.

यंदा शिमग्याच्या आदल्या दिवशी भावोजी पिशवी घेऊन माझ्या दारात उभे. "येऊ ना रे मी?" पिशवीत ओटीसाठी ताईने आणून ठेवलेला खण होता.

अंगणात पालखी टेकली. ताईच्या त्या खणाने ओटी माझ्या बायकोने भरली. गावातल्या वडीलधाऱ्या मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्यो आमचो मुंबयचो जावई आज तुझ्या पायाकडे इलो हा. इतकी वर्सां येवक जमलां नाय, तां पदरात घे रे महाराजा."

"व्हय महाराजा," आम्ही सगळे म्हणालो.

मग मागून हात जोडलेले भावोजी हळूच म्हणाले, "खाडा झाला, महाराजा."

कुणी हसलं नाही. सवयीने सगळ्या अंगणाने साथ दिली, "व्हय महाराजा." मी मात्र त्यांचा हात धरून उभा राहिलो.