चिंचेनं घासलेली रायफल

१९५८ साल. मी तेवीस वर्षांचा, चौथी नापास, दौंडच्या कॅम्पात हत्यारी शिपाई. शिरूरच्या एका बागाईतदाराची मुलगी मला सांगून आली होती. थोरल्या चुलत्यांनी आधीच कानावर घातलं, "त्यांच्या रायफलीचा नेम अलीकडं रानडुकराला लागंना झालाय. तेवढी नीट करून दे, सुपारी फुटली म्हणून समज." म्हणून मी नळी साफ करायची कॅम्पातली अमोनियाची बाटली सोबत नेली.

बागाईतदार म्हणजे मिशी आणि आवाज, बाकी काही नाही. रायफलीचा दस्ता तेल पाजून चकचकीत, आणि नळी? उन्हाकडं धरून पाहिली, तर गोळ्यांवरचं तांबं आतल्या आट्यांत पट्ट्यापट्ट्यांनी चिकटलेलं.

"आबा, आत तांबं बसलंय."

"तांबंच ना? मग चिंच आन् राख आणा गं! आमचं हंडं बघा, तोंड दिसतंय त्यात."

असल्या माणसाशी काय बोलायचं? मी अमोनियात भिजवलेली चिंधी दोरीला बांधून नळीतून ओढली. निळीशार निघाली. तांबं सुटलं की निळीच निघते. मग नुसतं उकळतं पाणी, तेलाचा हात, की संपलं काम. पण बागाईतदार ताडकन उठला.

"अवो, ह्यानं नळी विरघळवली माझी!"

मुलगी चिंच घेऊन दारात आली होती. म्हणाली, "आबा, पाहुणं रोज हेच करत्यात. करू द्या की."

"तू आत हो!"

मग त्यानं स्वतः फडक्यावर चिंचेचा कोळ आणि राख घेतली आणि सगळ्या भावकीसमोर नळी खरवडली. आतल्या आट्या झिजवणारा तो करकर आवाज ऐकून माझे दात आंबले. घाम पुसत म्हणाला, "बोला पाहुणं, बराबर हाय का न्हाई? व्हय म्हणा, आन् फोडू सुपारी."

चुलत्यांनी मांडीला चिमटा काढला. "म्हणून टाक की, काय जातंय?"

मी म्हणालो, "आबा, ह्या नळीनं आता डुक्कर मरायचं न्हाई. हसून मेलं तर निराळं."

सुपारीचं ताट आत गेलं. मुलगी चांगली होती, ते मी आजही म्हणेन. पण हंडा आणि नळी ज्याला सारखीच, त्याच्यापुढं जन्मभर मान डोलवायची? छट्!

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पात परेडीआधी माझी रायफल घेतली. साफच होती. तरी एक चिंधी ओढली. पांढरीशुभ्र निघाली.